सासूबाईंच्या कुरडया आणि हवेचं मशीन

आमच्या सासूबाई साताऱ्याच्या, एकदा हट्टाला पेटल्या की संपलंच. तळवलीत आमच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांवर काजळी बसायची. म्हणून त्यांनी तक्रार केली, तर हवा मोजणारे साहेब घरी आले.

"आजी, टेन्शन नको. आमचं मशीन हवा चांगली दाखवतंय."

"मशीन ठेवलंय कुठं?"

"बागेत, झाडांमध्ये."

सासूबाईंनी त्याच कुरडया तळून बशी पुढे केली. काळे ठिपके बघून साहेबांनी ती हळूच मागे सरकवली.

"कुरडईला नको म्हणालात. आम्ही श्वासाला कसं नको म्हणायचं?"

साहेबांनी तिथूनच फोन लावला. आता मशीन आमच्या गच्चीवर आहे, शेजारी कुरडया. दोघांचं एकदम एकमत आहे.