खळग्यातली पाटी

भोरच्या दवाखान्याच्या ओसरीत माझ्या शेजारी दोघी बायका बसल्या होत्या. धाकटीचा नवरा पुढ्यात घोंगडीवर कण्हत पडला होता.

"काय झालं गं ह्यास्नी?"

"कडू कंद खाल्ला, मावशी. रेशनची जवारी कवाच संपली."

"उकडला न्हाईस?"

"उकडला की. काप केलं, पाटीत घातलं, दोन दिस ओढ्यात ठिवलं."

"ओढ्यात कुठं?"

"खडकातल्या खोल खळग्यात. वरनं पाणी धो धो जात व्हतं."

"वरनंच गेलं मग. खळग्यात पान टाकून बघ, तिथल्या तिथंच फिरत ऱ्हातं. आतलं पाणी भाईर पडंना, तर कडूपणा कसा जायाचा? उथळ धारंत ठिवायचं असतं."

"धारंत पाटी व्हाऊन जाती. कुनीतरी धरून बसाय लागतं."

"मग बसायचं."

"सासू बसायची. दोन दोन दिस घराकडं फिरकायची न्हाई. मला वाटायचं, म्हातारीला कामाचा कटाळा."

"मग औंदा न्हाई बसली?"

"तिला म्याच लेकीकडं धाडली, मावशी. म्हनलं, खानारं एक तोंड कमी व्हईल."