देवाची बायको

आदिलाबादच्या बाळंतपणाच्या दवाखान्यात कुमुदिनीताई सुनेसोबत आल्या होत्या. शेजारी बेला गावचं तरुण जोडपं बसलेलं. नवरा मोबाईलवर गेम खेळण्यात गुंग.

“लखन, हा देव राक्षसाईले काऊन मारून राह्यला?”

“बायकोले सोडवाले.”

“बायकोले तर त्यानंच मारलं. म्हणून तर शाप हाय त्याले.”

“तुले कोणं सांगतलं?”

“गेममधली म्हातारी सांगते ना. मी भाकरी करता करता आयकते.”

“बोलणं आलं का मी ध्यानच देत नाही, सुवर्णा. मारामारी तेवढी खेळतो.”

“मंग काल मी काय सांगतलं?”

“पित्त झालं म्हणे. म्हणून तं आलो.”

“पित्त नाही म्हटलं मी. दवाखाना कायचा हाय, पाह्य जरा.”

लखननं मान वर केली. भिंतीभर बाळांचे फोटो होते.

मोबाईलमधला देव नुसता उभा राहून मार खात होता, तो कुमुदिनीताईंनाही दिसला.