मधली सोडून सगळी

नाही, पण मला एक सांगा, झिरो मिळावा म्हणून कुणी रविवारी पहाटे उठून, आंघोळ करून, डबा बांधून घराबाहेर पडतं का? शाळेत झिरो मिळाला की घरी तोंड दाखवायची सोय नसायची, आणि इथे आमच्या शूटिंग क्लबात जो तो दुसऱ्याला विचारतोय, 'काय, तुमची झिरो झाली का?' 'हो, मघाशीच झाली.' 'वा, लवकर झाली.' आणि मी आपला पालथा पडलेला, पोटाखाली सतरंजी, डोळ्यापुढे दुर्बीण, आणि माझी काही केल्या होत नाहीये... लाज वाटते हो सांगायला, पण आता तोंड उघडलंच आहे तर सगळंच सांगतो.

तर तुम्हाला सांगतो, रायफल म्हणजे काही तोफ नव्हे. पॉइंट टू-टू. बारकी गोळी, बारका आवाज, शेजारचा माणूस जोरात शिंकला तर त्याचाच आवाज मोठा वाटेल. ती झिरो करायची म्हणजे काय, तर रायफलीवर बसवलेल्या दुर्बिणीतली फुली जिथे धरली तिथेच गोळी गेली पाहिजे. बस. आमचे मास्तर, रेंजवर त्यांचाच हुकूम, बुटका माणूस, गळ्यात शिट्टी, ते दर रविवारी नाकातून सांगतात, 'आधी ग्रुप, मग झिरो. पाच गोळ्या मारा. तोपर्यंत दुर्बिणीच्या नॉबला हात लावायचा नाही. पाचही एका जागी पडू देत. भलत्याच जागी पडल्या तरी चालेल, पण एका जागी. मग फिरवा काय फिरवायचं ते.' आता हे समजायला फार मोठी अक्कल लागते का? नाही लागत. मला समजलं होतं. कळत होतं, पण वळत नव्हतं, कारण शेजारच्या सतरंजीवर कोण पडलं होतं? सासरे.

आमचे सासरे म्हणजे क्लबातला सगळ्यात जुना नेमबाज. नोकरी संपली, सासूबाई गेल्या, दात गेले, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पण रविवारची रायफल काही सुटली नाही. पाच गोळ्या मारतात आणि कागदावर भोक एकच, जरा मोठं. आणि बोलतील तर शपथ. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आमचं संभाषण म्हणजे 'आलात?' आणि 'निघालात?', एवढंच. मधलं सगळं मीच बोलतो. पुढच्या रविवारी पलीकडच्या क्लबाशी सामना, त्यात सासरे संघात, आणि मी राखीव. राखीव म्हणजे काय हो? पाण्याच्या बाटल्या सांभाळणारा. म्हटलं, आज यांच्या शेजारी पडून असा ग्रुप काढतो की म्हातारा म्हणाला पाहिजे, जावई बाकी निवडला चांगला. बायकोने निघताना बजावलं होतं, 'अहो, बाबांच्या शेजारी तोंड बंद ठेवा आणि मास्तर सांगतील तसं करा.' त्यातलं अर्धं केलं मी. तोंड बंद ठेवलं.

मास्तर म्हणाले, 'दुर्बीण लहानावर ठेवा, आजूबाजूचं दिसू दे.' आता आजूबाजूचं बघून मला काय करायचंय? मी काय सहलीला आलोय? मी फिरवली दुर्बीण शेवटच्या आकड्यापर्यंत. हा एवढा थोरला कागद! दुसरं काही दिसेचना. धरला श्वास, दाबला चाप. बघतो तर भोक खाली डाव्या कोपऱ्यात. फिरवला नॉब, सरकवली फुली. दुसरी मारली, बघतो तर मधोमध! म्हटलं, अरे, हे इतकं सोपं असतं? तिसरी मारली, ती वर उजवीकडे. परत नॉब. पुन्हा मारली, बघतो तर मधलं भोक जरा मोठं झालेलं, आणि कडेलाही एक नवं. आता मी एक मारली आणि भोकं दोन कशी, हा प्रश्न कुणाही शहाण्या माणसाला पडला असता. मला नाही पडला. मी मधलं माझं धरलं आणि कडेचं सोडून दिलं.

मग काय, माझं सुरूच. एक मधोमध, एक कोपऱ्यात, एक मधोमध, एक पार त्या लाकडी चौकटीपाशी. वाऱ्याला शिव्या घातल्या, गोळ्यांना घातल्या, सतरंजीची घडी बदलली, कोपर इकडून तिकडे केलं. मास्तर पाठीशी येऊन उभे. 'ग्रुप होतोय का?' म्हटलं, 'होतोय की मास्तर, मधोमध बसतायत, फक्त मधूनच एखादी चुकार निघते.' 'नॉबला हात लावलात?' 'छे!' लाज वाटते हो सांगायला, चक्क खोटं बोललो, आणि तेव्हा बोटं नॉबवरच होती.

इकडे सासऱ्यांचं काहीतरी बिनसलेलं. चष्मा काढला, पुसला, लावला. परत काढला. एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला. स्वतःशीच पुटपुटले, 'असं कसं?' आणि मला, खरं सांगतो, आतून बरं वाटलं. म्हटलं, चला, आज यांचंही गाडं अडलंय.

शिट्टी झाली. सगळ्यांनी रायफली रिकाम्या करून खाली ठेवल्या आणि कागद आणायला चालत निघालो. मी माझ्या चौकटीपाशी गेलो. वर ठळक आकडा, माझ्याच सतरंजीचा. खाली कागद. कोरा. नुकताच लावल्यासारखा कोरा. मी आधी मागे जाऊन बघितलं, म्हटलं भोकं पलीकडून दिसतील... काय डोकं चालतं बघा. आणि मग शेजारच्या चौकटीकडे नजर गेली. सासरे पाठमोरे उभे होते, त्यांनी घाईघाईने कागद काढला, कुणाला न दाखवता घडी केली आणि कोटाच्या खिशात घातला. तेवढ्यात मला कडेची भोकं दिसली होती, आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दुर्बिणीत एकच कागद मावत होता, वरचा आकडा दिसतच नव्हता, आणि सकाळपासून मी त्यांच्या कागदावर गोळ्या मारत होतो. मधोमधची सगळी त्यांची, आणि ती माझी समजून मी नॉब फिरवत होतो. मीही माझ्या कोऱ्या कागदाची घडी केली आणि खिशात कोंबली. झाकली मूठ सव्वा लाखाची. दोघं शेजारी शेजारी चालत परत आलो.

मला वाटलं, संपलं. कसलं संपतंय! आत ऑफिसात मास्तर चहा ओतत होते, सासरे त्यांच्यासमोर बसले आणि म्हणाले, 'मास्तर, माझं नाव काढा. एक गोळी मारतो, दोन भोकं दिसतात. कधी तीन. तो ऑपरेशन केलेला डोळा गेला बहुतेक. माझ्या जागी जावईबापूंना घ्या, आज फार मन लावून करत होते.' आणि जरा थांबून, 'रायफलही आता त्यांनाच देऊन टाकावी म्हणतो.' इतकं लांब बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मास्तरांनी मान खाली घातली.

आणि माझ्या आत एक हरामखोर बसलाय, तो म्हणतो, गप्प बस. संघात जागा, वर रायफल, आणि म्हाताऱ्यांना काय, आज ना उद्या सोडायचंच होतं. लाज वाटते हो सांगायला, मी त्याचं ऐकलं. चांगला अर्धा कप चहा होईपर्यंत ऐकलं. मग सासऱ्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, आता याचा काय उपयोग अशा हिशेबाने, आणि मी कप खाली ठेवला.

मी खिशातला कागद काढून टेबलावर पसरला.

'हा कोरा कागद कुणाचा?' मास्तर म्हणाले.

'माझा.'

'मग सकाळपासून मारत कुठे होतात?'

'बाबांच्या.'

मास्तरांनी सासऱ्यांपुढे हात केला. त्यांनी कोटातून घडी काढून दिली, मास्तरांनी ती माझ्या कागदाशेजारी उलगडली. मध्ये एकच भोक, जरा मोठं, आणि भोवती सगळीकडे उंदराने कुरतडल्यासारखं. 'यातली तुमची कुठली?'

म्हटलं, 'मधली सोडून सगळी.'

सासऱ्यांनी चष्मा लावला. मग डोळ्यांवर विश्वास नसल्यासारखं एकेका भोकात करंगळीचं नख घालून पाहिलं. कोपऱ्यातलं. वरचं. चौकटीजवळचं. सगळी खरोखर होती. आणि हा माणूस हसायला लागला. खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, मास्तरांच्या पाठीवर थापा मारत, 'माझी नजर ठीक आहे हो मास्तर, माझी नजर ठीक आहे!' मला जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं, असं वाटत होतं, आणि तरी, काय सांगू, त्यांचं ते तोंड बघून मलाही हसू आलं.

सामन्यात सासरे खेळले. आणि आता दर रविवारी मला मुद्दाम शेजारी घेतात, म्हणे सवय झालीय. मास्तर मला सतरंजी देतात, रायफल देतात. गोळ्या देत नाहीत. आणि तुम्हाला सांगतो, तेव्हापासून माझी एकही गोळी चुकलेली नाही.