पातेऱ्याचे भारे

माझं माहेर दोडामार्गाच्या पलीकडं, म्हणजे महाराष्ट्रात, पण काय सांगू तुम्हाला, तो महाराष्ट्र मी धड बघितलाच नाय, कारण बापूस गोव्यात डिचोलीच्या खाणीवर कामाला आला नि आम्ही सगळी त्याच्या मागोमाग आलो, मग लग्न होऊन मी इब्रामपुरात पडले. घोव पण खाणीचाच मिळाला, ट्रक चालवायचा. लाल माणूस. लाल म्हणजे धुळीनं हो, कानातनं लाल, केसातनं लाल. मी म्हणायची, अरे, खाणीत कायतरी ठेवलास मां, काय सगळीच घराक आणलास?

मग खाणी बंद पडल्या, ट्रक दारात उभा राहिला, त्याच्यावर कोंबड्या बसायला लागल्या. आम्ही भाटकाराचं, म्हणजे जमीनमालकाचं, शेत वाट्यानं कसायला घेतलं. माझा जीव तिथं बसला बाय, स्वतःचं नाय तरी स्वतःचंच. नि तेवढ्यात भाटकार वारला. त्याची मुलं फोंड्याला, त्यांना चिखलात पाय नको, त्यांनी जमीन विद्यापीठाला देऊन टाकली. झालं! वाड्यावर, आमच्या वस्तीत, एकच बोलणं, आता तिथं इमारत उठणार नि सावित्री, म्हणजे मी, घरी बसणार.

इमारत नाय उठली. विद्यापीठाच्या एक मॅडम आल्या, चप्पल मेरेवर, शेताच्या बांधावर, काढून थेट चिखलात उतरल्या. म्हणाल्या, जमीन विद्यापीठाची, पण कसा तुम्हीच. इथं बेडूक राहू देत, पक्षी राहू देत, काजवे राहू देत, दिवस आधीच तापत चाललेत, तर पालापाचोळा मातीत जिरू दे, त्याचा धूर करू नका. म्हणून एकच अट, भाजावळ करायची नाय. आता भाजावळ तुम्हाला माहीत नसेल. पावसाच्या आधी पातेरा, म्हणजे सुकी पानं हो, शेतात पसरून पेटवायची, तणाचं बी जळतं, मग त्या राखेत भात पेरून तरवा करायचा, म्हणजे लावणीची रोपं. बापजाद्यांपासून हेच. अट मोडली तर शेत दुसऱ्याला, हे मॅडमनी गोड बोलून सांगितलं, पण सांगितलं.

चैत्रात विद्यापीठाची मुलं आली, शेताच्या कडेचा सगळा पातेरा गोळा करून त्यांनी शेतात ढीग घातला, कुजवून खत करायला. मी माहेरी लग्नाला गेलेली. आमच्या घोवानं तो ढीग बघितला. चैत्रात शेतात पातेरा बघून आमच्याकडच्या माणसाला दुसरं काय सुचणार, तुम्हीच सांगा! अट मी त्याला सांगितली होती, नाय असं नाय, पण त्याला वाटलं, ढीग त्यांनीच घातला म्हणजे शेवटी त्यांना पण भाजावळ पटली. त्यानं पातेरा नीट पसरला, वारा बघितला, राखणदाराला, शेत राखणाऱ्या देवाला, नारळ ठेवला नि दिली काडी.

मी बसमधनं उतरले तर शेत काळं. म्हटलं, अरे, ह्या काय करून ठेवलास? तर म्हणतो, माका वाटला तेंका मदत होयत. मी मेरेवर बसून रडले, खरं सांगते, गेलं शेत असंच वाटलं.

मॅडम आल्या, राख बघितली. चिडल्या, का नाय चिडणार? म्हणाल्या, आता खत कशाचं करू नि वर काय सांगू? बघते, कळवते. माझा घोव कधी कुणापुढं नमलेला माणूस नाय, पण हात जोडून म्हणाला, मॅडम, चूक माझी, तिका शेतातून काढू नकात.

नवा ढीग घालून द्यायला मी पातेरा वेचायला निघाले. पण रानात उरलंय काय? सगळ्यांनी आपापल्या भाजावळीसाठी आधीच वेचून मांगरात, शेतावरच्या खोपीत, भरलेला. शेजारची शेवंता, तिचं नि माझं कोंबड्यांवरनं वर्षभर बोलणं नव्हतं, ती आपल्या मांगरातनं भारा घेऊन आली नि माझ्यापुढं टाकला. घे गो, म्हणाली, तुझ्या घोवान जाळल्यान, पण नाव आमच्या वाड्याचा जाता. मग एक आली, दुसरी आली, बायका डोक्यावर भारे घेऊन येतच राहिल्या. ढीग पहिल्यापेक्षा मोठा झाला.

मॅडमनी तो बघितला नि पहिल्यांदा हसल्या. मग विचारलं, पण आता तुमच्या शेतात तुम्ही काय पेटवणार? कुणाच्याच मांगरात पातेरा उरला नव्हता! त्या वर्षी अख्ख्या वाड्यावर धूर झाला नाय.

तण आलं, खोटं कशाला बोलू? ते उपटून, बेणून बेणून कमरेचा काटा ढिला झाला. शेवंता माझ्या घोवाला शिव्या घालत बेणायची, विद्यापीठाची मुलं पण आमच्याबरोबर वाकली. पण तरवा आला, बाय, दाट नि हिरवागार, आणि शेत माझ्याकडंच राहिलं. आता आमच्या वाड्यावर निम्मे लोक भाजावळ करत नाहीत, बाकीचे करतात, त्यांचं त्यांच्यापाशी.

माझा घोव शेतात निघाला की मी अजून त्याचे खिसे चाचपते, काडेपेटी सापडली तर काढून घेते. विडी ओढायची तर घरी ओढ म्हणते. हल्ली काजवे मेरेपर्यंत येतात, तो मला हाका मारून दाखवतो, जसे काय ह्यानंच आणलेत. जमीन विद्यापीठाची, ती त्यांच्याकडंच राहू दे, मला फक्त हातपाय चालतायत तोवर तिथं उतरू दे. देव त्या मॅडमचं बरं करो. शेवंताचं पण करो, तिच्या कोंबड्या तेवढ्या तिच्याकडं ठेवो.