उभ्या गाडीचा आवाज

—नाही नाही, त्या स्क्रूला हात नका लावू, मिस्त्री. पाना खाली ठेवा. आधी बसा बघू. त्या स्टुलावर बसा, मजबूत आहे, माझ्या शिलाई मशीनचं आहे— हो, मी शिंपी. दुकान इथंच होतं, या पुढच्या खोलीत. आता ही मोटरसायकल उभी आहे ना, तिथं मशीन होतं, आणि त्या भिंतीला आरसा. पाणी देऊ? बरं, राहिलं. मला एक सांगा, तुम्हाला बोलावलं कोणी? मी तर नाही बोलावलं. बायको कामावर गेलीय, आणि ती कशाला बोलावेल, तिनं या गाडीचं नाव टाकलंय. काय? पोरानं? त्यानं फोन केला? अहो, तो कसा करेल, त्याला बोट उचलता येत नाही— हां, बोलून. नुसतं नाव घेतलं की लागतो, खरंय, मीच तसा लावून दिलाय उशाशी. म्हणजे मी औषधं आणायला बाहेर पडलो आणि यानं इकडं— अस्सं. हळू बोला हं. मधलं दार आम्ही काढून टाकलंय, बिजागऱ्यांसकट. पलीकडं लगेच त्याची कॉट. त्याला सगळं ऐकू येतं. बाकी काय राहिलंय? कान तेवढे राहिलेत.

गाडी बघताय? बघा, बघण्यासारखीच आहे. माझ्या वयाची असेल. एका बेकरीच्या मागे सरपणाखाली पडली होती, टाकीत उंदरांनी घर केलेलं. हा ती ढकलत घेऊन आला, आणि चेहरा असा की जणू सून आणलीय घरात. त्याच्या आईनं कपाळाला हात लावला. मी म्हटलं, अरे, गिऱ्हाईक कुठं बसणार? तर म्हणतो, बाबा, गिऱ्हाईक गाडीवर बसेल. असा बोलायचा— अजून बोलतो म्हणा, पण शब्द तोंडात घोळतात, सवय लागते समजायला. सगळी गाडी सुटी केली त्यानं, जुन्या चादरीवर मांडली, एकेक नट घासून पुसून. मग एक दिवस वॉशर उचलता येईना. एवढासा वॉशर. बोटं जवळ यायची आणि तो निसटायचा. बाबा, जरा हा धरा. मला वाटलं, तेलकट हात आहेत. मी फडकं दिलं त्याला. काय करणार माणूस, फडकंच देणार ना? मग पाना निसटला, मग जेवताना घास निसटला, मग जिना चढवेना— डॉक्टरांनी नाव सांगितलं रोगाचं, लांबलचक आहे, मी पाठ नाही केलं. नसा वाळत जातात. हात, पाय, मग गळा, मग छाती. औषध नाही. म्हणजे औषधं आहेत, आणतो मी, पण औषध नाही.

तर मग गाडी मी उचलली. मला काय येत होतं? काही नाही. मी सायकलवाला माणूस, क्लच कुठल्या हातात तेही माहीत नव्हतं. तो तिथं पडल्या पडल्या सांगायचा, मी इथं करायचो. डावीकडं, बाबा. अजून. अजून थोडं— बास, जास्त झालं. कोटाची फिटिंग घेताना मी गिऱ्हाइकाला सांगतो ना, श्वास रोखा, सोडा, तसं. ठिणगीच्या पॉइंटचा गॅप मी बोटाच्या अंदाजानं लावला, मापाच्या पत्तीनं मोजला तर बरोब्बर— त्याला सांगितलं तर म्हणतो, शिंप्याचा हात आहे. हसला. सायलेन्सरला तो रबरी पाइप दिसतोय? खिडकीतून बाहेर काढलाय, धूर घरात नको, त्याची छाती— हो, ती कल्पना माझी. पहिल्यांदा किक लागली तेव्हा मिस्त्री, काय सांगू, भांडी थरथरली स्वयंपाकघरातली, आणि आई पोळपाट टाकून धावत आली, रागावायला आली आणि रडायला लागली.

पण स्लो धरेना, रेस सोडली की टिकेना. तुम्ही ऐकलंत ना आत्ता? मध्येच मिसिंग मारते, भकाभका करते, मग बंद. तो म्हणाला, कुठून तरी हवा ओढतेय. शोधा. मी शोधत बसलो. त्याच सुमाराला डॉक्टर येऊन गेले, मला बाहेर घेऊन गेले, म्हणाले, आता छातीवर आलंय, या थंडीत जरा जपा. जपा म्हणजे काय ते कळलं मला. आणि एकदा मी इथं प्लग पुसत असताना तो आईला सांगत होता, मला ऐकू नये म्हणून बारीक आवाजात— गाडी एकदा नीट लागली ना आई, की मी सुटलो. सुटलो म्हणाला. दार नाही ना मध्ये. मलाही ऐकू येतं.

मग काय. हवा कुठून ओढते ते मला सापडलं. नाही, तुमच्या आधीच सापडलं, बरेच दिवस झाले. कार्ब्युरेटर जिथं बसतो तिथलं गॅस्केट, ती जोडातली कागदी चकती, फाटलंय. मी जोडावर चारी बाजूंनी ग्रीस चोपडलं आणि गाडी अशी शांत झाली, असा एकसारखा ठोका— दोन क्षण. मग मी ग्रीस पुसून टाकलं. का पुसलं? तुम्हाला मुलंबाळं आहेत? मग विचारू नका. रोज सकाळी मी गाडी चालू करतो, रोज ती भकाभका करते, रोज तो म्हणतो, बाबा, काहीतरी राहतंय. मी म्हणतो, हो रे, राहतंय. बघू उद्या. उद्या म्हटलं की उद्यापर्यंत तो असणार. हसू नका. हसत नाही तुम्ही, ठीक आहे. मलाच लोक हसतील असं वाटत राहतं. आणि हे बघा, खिशात— गॅस्केट कापूनसुद्धा ठेवलंय मी, माझ्या कात्रीनं, भोकं बघा कशी पडलीत. कापलं कशाला? माहीत नाही. हाताला राहवलं नाही. तर तुम्ही आता असं करा, आत जा, त्याला सांगा, मोठं काम आहे, पार्ट मिळत नाही, बाहेरून मागवावा लागेल. तुम्ही जाणकार माणूस, तुमच्यावर विश्वास ठेवेल तो. एवढं करा माझ्यासाठी—

काय रे? काय म्हणतोस? आलो. नाही, काही नाही, आम्ही असंच बोलत होतो— ग्रीस? कुठलं ग्रीस? ...तुला कसं कळलं? आवाजावरून. हो. आवाजावरूनच कळणार. तेव्हापासून माहीत होतं तुला? मग बोलला का नाहीस? बरं. बरं, नको बोलूस, दम लागतोय, ऐकलं मी. ऐकलं म्हणतो ना.

घ्या, मिस्त्री. लावा. तो म्हणतोय, यांना करू द्या. मी कार्ब्युरेटर धरतो. नट जपून, जुना आहे. हं. दुसराही. मी किक मारतो, तेवढं येतं मला— लागली. ऐका. ऐका हो. कुठं अडकत नाही. चांगल्या मशीनची टीप पडावी तशी. तुम्ही तो स्क्रू फिरवा आता, फिरवा, ठोका अजून हळू करा, तरी बंद पडत नाही. ऐकतोयस का रे? ऐकतोय. डोळे मिटलेत पण ऐकतोय. राहू दे, चालूच राहू दे, मी जरा त्याच्या तोंडाशी कान नेतो.

मिस्त्री, तुम्ही मला सांगितलं नाहीत. तो आत्ता सांगतोय, ही गाडी तुम्ही न्यायला आलाय. तुमचं आणि त्याचं ठरलंय. मान खाली घालू नका, तुमचा काय दोष. पैसे द्यायचे नाहीत, नुसती न्यायची, कायमची— बरोबर? तो म्हणतो, उभी गाडी किती ऐकायची, एकदा जाताना ऐकू दे. मी म्हटलं, अरे, ही आहे म्हणून तू थांबलायस ना? तर म्हणतो, बाबा, तुम्ही दिवसभर तिच्यापाशी असता. ही गेली की माझ्यापाशी येऊन बसाल. असं म्हणाला. मी आजवर त्याच्या कॉटवर कधी बसलो, तेच आठवत नाही हो मला. उभ्याउभ्या विचारतो, आणि वळतो परत इकडं.

पाइप काढा तो. फाटक उघडं आहे. मी ढकलत न्या म्हणणार होतो, गल्लीच्या टोकापर्यंत— नको, इथूनच बसून जा. सगळे गिअर टाका, गल्ली लांब आहे, त्याला ऐकू दे. परत आणू नका. मला काही सांगायलाही येऊ नका. जा आता, मिस्त्री, उशीर नका करू, मला आत बसायचंय. जा.