बाबांची मेणबत्ती

रोमानियातल्या बर्लाद गावच्या चर्चमध्ये मेणबत्त्या लावायला रांग होती. वरचा कप्पा जिवंत माणसांचा, खालचा गेलेल्यांचा. ग्रिगोरे बायकोसाठी मेणबत्ती घेऊन उभा होता. पुढे दोघी म्हाताऱ्या बहिणी कुजबुजत होत्या.

“वेतुरिया, आज बाबांची खाली लावू. ते युद्धात गेल्याचं लष्कराचं पत्र आलंय ना आता.”

“पत्रातला माणूस आपले बाबा नव्हेत, ताई. तो रणगाड्यांच्या डिव्हिजनमधला. बाबा पायदळात होते. त्यांना धड सायकल येत नव्हती, रणगाडा काय चालवणार!”

“अगं, डॉन नदीवर त्यांची डिव्हिजन फुटली. जे उरले त्यांना रणगाडेवाल्यांनी आपल्यात घेतलं. लिहिलंय तसं.”

“आईनं मरेपर्यंत वरच लावली.”

“बाबा आज नव्वदीचे असते, वेतू.”

“असतात की माणसं नव्वदीची.”

“गावाचं नाव बरोबर आहे. आजोबांचं नाव बरोबर आहे. हनुवटीवरचा व्रणसुद्धा लिहिलाय.”

रांग पुढे सरकली. आता त्यांचीच पाळी होती.

“खाली त्यांच्या ओळखीचं कोण आहे, ताई?”

“आई आहे की.”

 वेतुरिया मागे वळून ग्रिगोरेला म्हणाली, “तुम्ही व्हा पुढे, भाऊ. मला जरा वेळ लागेल.”

“लागू द्या,” ग्रिगोरे म्हणाला. “मलाही घाई नाही.”

बऱ्याच वेळाने ती खालच्या कप्प्यापाशी वाकली. तिची मेणबत्ती नीट उभी राहिल्यावर ग्रिगोरेने आपली तिच्यावरच पेटवून घेतली आणि शेजारी, खालीच लावली.