तपनदांचा हिरवा शोध

आमच्या तपनदांचं ऐका. कोलकात्याच्या आमच्या लॅबमध्ये पेशींत एक प्रथिन घालतात. औषध टाकलं आणि मेंदूतला रिसेप्टर जागा झाला, की ते हिरवं चमकतं. परवा जेवण उरकून तपनदा डिश बघायला बसले आणि ओरडलेच, "औषध न टाकताच चमकतंय! नवा शोध!" लॅबच्या मुख्य सरांना फोनही करून मोकळे.

मी मायक्रोस्कोपमधून पाहिलं. पेशी शांत होत्या. चमकत होता काचेवरचा बोटाचा ठसा.

"तपनदा, आज काय जेवलात?"

"माशाचा झोल, म्हणजे रस्सा. का गं?"

"मायक्रोस्कोपच्या निळ्या उजेडात हळदही अशीच हिरवी चमकते, दादा. हातमोजे घातले होते ना?"

तपनदांनी स्वतःची बोटं हुंगली. मग हळूच म्हणाले, "सर दमदमच्या घरून निघालेत. सगळ्यांसाठी संदेश मिठाईचा डबा घेऊन."